थंडीच्या पहाटे डिझेल गाडी का उचलत नाही?

डिसेंबर-जानेवारीत गोंदिया, भंडारा, नागपूर भागात पहाटेचा पारा ७-८ अंशांवर उतरणे नवे नाही. २९ डिसेंबर २०१८ रोजी तर नागपुरात ३.५ अंश सेल्सिअसची नोंद झाली. नेमका याच दिवसांत कापूस जिनिंगला, धान मिलवर आणि संत्रा मंडीत न्यायचा असतो आणि त्यासाठी पहाटेच निघावे लागते. सेल्फ मारला की इंजिन जडपणे दोन-चार फेरे घेते, थोडा पांढरा धूर सोडते आणि गप्प बसते.

कॅनडा, रशियासारख्या देशांत उणे तापमानात उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या इंजिनात विजेचा हीटर बसवलेला असतो. रात्री त्याची पिन सॉकेटमध्ये खोचून ठेवतात. आपल्याकडे गाडी शेतात किंवा खळ्यावर उभी असते, तिथे सॉकेट कुठले? आणि विदर्भाच्या थंडीला त्याची गरजही नाही. ५ अंश म्हणजे डिझेल इंजिनासाठी मोठी थंडी नव्हे. ठीकठाक इंजिनाने एवढ्या गारठ्यात उचललेच पाहिजे. उचलत नसेल तर दोष आधीपासूनच होता, उन्हाळ्यात तो खपून गेला. बहुतेक वेळा हा दोष डिझेलमध्ये नसतो, इंजिन पुरेशा वेगाने फिरत नाही यात असतो.

कारण असे की पेट्रोल इंजिनासारखी ठिणगी इथे नसते. पिस्टन हवा दाबतो, दाबलेली हवा तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पेटतो. हवेला सतराव्या हिश्शाएवढ्या जागेत दाबणारे इंजिन धरून ठोकळ हिशोब करू. आत येणारी हवा २५ अंशांची असेल तर दाबल्यावर ती साधारण ४२० अंशांपर्यंत तापते. तीच हवा ५ अंशांची असेल तर सुमारे ३७५ अंशांवर थांबते. हा फरक चालून जातो. पण इंजिन संथ फिरले तर दाबलेल्या हवेला सिलिंडरच्या गार भिंतींना उष्णता द्यायला आणि पिस्टनच्या रिंगांच्या फटींतून निसटायला वेळ मिळतो. मग तीच ५ अंशांची हवा २०० ते २५० अंशांच्या पुढे जात नाही. डिझेल साधारण २१० अंशांना आपोआप पेटू शकते, पण त्यासाठी वेळ लागतो आणि सिलिंडरमध्ये मिळतात फक्त काही मिलिसेकंद. म्हणून प्रत्यक्षात त्याहून कितीतरी जास्त उष्णता लागते. सेल्फवर इंजिन मिनिटाला २०० फेऱ्यांच्या आसपास फिरले तर ते घेते, १०० च्या खाली गेले तर हवा पुरेशी तापतच नाही.

म्हणून तपासाची सुरुवात बॅटरीपासून करा. ५ अंशांना बॅटरीची ताकद पंधरा-वीस टक्क्यांनी कमी होते आणि त्याच वेळी घट्ट झालेल्या तेलामुळे सेल्फला जास्त करंट लागतो. पहाटे काहीही चालू न करता मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे जवळपास निम्मी, १२.० म्हणजे तिच्या भरवशावर राहू नका. सेल्फ मारताना आकडा ९.५ च्या खाली गेला तर बॅटरी तरी उतरली आहे किंवा तिचा एखादा सेल मेला आहे. २४ व्होल्टच्या ट्रकमध्ये दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात, त्या वेगवेगळ्या मोजा. एक चांगली असली की दुसरीचे दुखणे एकत्र मोजणीत लपते.

बॅटरी नवी असूनही सेल्फ जड चालत असेल तर केबल बघा. मला वाटते, गावाकडच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतील. ट्रॅक्टरचा सेल्फ ३०० अँपिअरच्या घरात करंट ओढतो. वाटेत गंजलेल्या टर्मिनलमुळे एका ओहमचा शंभरावा भाग एवढा जरी अडथळा आला तरी ३ व्होल्ट तिथेच संपतात आणि सेल्फला उरतात जेमतेम ८-९. हेडलाइट मात्र झगझगीत लागतो, कारण त्याला चार-पाच अँपिअरच पुरतात. म्हणून ‘लाइट तर चांगला आहे, मग बॅटरी चांगलीच असणार’ हा अंदाज फसवा ठरतो.

तपासायचे असे: मल्टिमीटरची एक सुई बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर आणि दुसरी केबलच्या क्लॅम्पवर टेकवा आणि दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आला तर तो जोड खराब आहे. मग बॅटरीची निगेटिव्ह खुंटी आणि इंजिनाचे उघडे लोखंड यांत मोजा. इथे ०.५ पेक्षा जास्त आला तर अर्थची केबल किंवा तिचा बोल्ट दोषी. चेसिसला जिथे अर्थ जोडलेली असते तिथे रंग, चिखल आणि गंज साचतो आणि तिकडे कुणी बघत नाही. साफ करताना निगेटिव्ह आधी काढा, बसवताना शेवटी लावा. पांढरी-हिरवी बुरशी कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. खुंटी पॉलिश पेपरने घासा, क्लॅम्प घट्ट आवळा आणि मग वरून व्हॅसलिन लावा.

सेल्फ मारताना क्लच पूर्ण दाबलेला ठेवा. ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्समध्ये कित्येक लिटर जाड तेल असते. क्लच दाबला नाही तर गारठलेल्या त्या तेलातले गिअरही सेल्फलाच फिरवावे लागतात. पीटीओ (अवजारे फिरवणारा मागचा दांडा) न्यूट्रलमध्ये आहे ना, तेही बघा. इंजिन ऑइल कंपनीच्या पुस्तकात सांगितलेल्या ग्रेडचेच हवे. १५डब्ल्यू-४० (थंडीतही फार घट्ट न होणारे तेल) चालत असेल तिथे स्वस्त पडते म्हणून नुसते ४० नंबरचे एकग्रेडी तेल घातले की थंडीत इंजिन जड फिरणारच. एका वेळी सेल्फ १० सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. मध्ये एक मिनिट जाऊ द्या, म्हणजे बॅटरी सावरते आणि सेल्फची वाइंडिंग गार होते. तीन प्रयत्नांत घेतले नाही तर थांबा आणि सायलेन्सरकडे बघा.

धूर बरेच सांगतो. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर म्हणजे डिझेल पोचते आहे पण पेटत नाही: वेग, उष्णता किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधल्या हवेवरचा दाब) कमी. धूरच नाही म्हणजे डिझेल पोचतच नाही. तेव्हा टाकी, इंजिन बंद करायची दोरी किंवा सोलेनॉइड (तेच काम करणारा विजेचा खटका) आणि फिल्टर बघा. रात्रभरात एखाद्या ढिल्या जोडातून हवा शिरली असेल तर फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू दीड आटा ढिला करा आणि बुडबुडे थांबून सलग डिझेल येईपर्यंत इंजिनावरचा डिझेलचा हातपंप मारा. नंतर स्क्रू घट्ट करा. कॉमन रेल (सगळ्या नोझलना एकाच नळीतून फार मोठ्या दाबाने डिझेल देणाऱ्या) गाडीत मात्र नोझलच्या नळ्या कधीही ढिल्या करू नका, त्यांतला दाब माणसाची कातडी फाडतो. तुरीच्या मळणीच्या दिवसांत एअर फिल्टर भुशाने भरतो. हवाच कमी आली तर दाबणार काय?

पिकअप, जीपसारख्या गाड्यांत सिलिंडर आतून तापवणारे विजेचे हीटर प्लग असतात. चावी सेल्फच्या आधीच्या टप्प्यावर ठेवून दिवा विझेपर्यंत थांबा, मगच सेल्फ मारा. प्लगची वायर काढून ओहम मोजा. चांगला प्लग एक-दोन ओहम किंवा त्याहूनही कमी दाखवतो, जळालेला काहीच दाखवत नाही. नव्या गाड्यांतले काही प्लग ५ व्होल्टच्या आसपास चालतात, त्यांना थेट बॅटरी लावून बघू नका.

इथर असलेला ‘स्टार्टिंग स्प्रे’ शक्यतो टाळा. इथर सुमारे १६० अंशांनाच पेटतो, तोही पिस्टन वर पोचण्याआधी. त्या अवेळी धक्क्याने रिंगा तुटतात. हीटर प्लग तापलेले असताना तो मारला तर इनटेकमध्येच (हवा आत घेणाऱ्या नळीत) भडका उडू शकतो. टाकीखाली किंवा ऑइलच्या चेंबरखाली जाळ करणे तर सरळ आग ओढवून घेणे आहे. तिथे रबरी नळ्या, वायरी आणि तेलाचे ओघळ असतात.

उष्णता द्यायचीच असेल तर आंघोळीचा बंब पुरतो. हा उपाय रेडिएटरमध्ये साधे पाणी असलेल्या जुन्या ट्रॅक्टरसाठी आहे. कूलंट असेल तर करू नका. रेडिएटरमधले पाणी सोडा, ब्लॉकचा कॉक उघडा ठेवा आणि वरून सुमारे ६० अंशांचे पाणी हळूहळू ओता. कॉकमधून कोमट पाणी येऊ लागले की तो बंद करा, रेडिएटर भरा आणि दहा मिनिटे थांबा. अडीचशे किलो लोखंडाच्या ६ अंशांवरच्या ब्लॉकने १० लिटर पाण्याची सगळी उष्णता घेतली तर तो २० अंशांपर्यंत चढतो. बरीच उष्णता वाया जाते. तरी १५ अंश मिळाले तर इंजिनाला पुष्कळ झाले. उकळते पाणी ओतू नका, गार बिडाचे हेड तडकू शकते. कूलंटच्या गाडीत गरम पाण्यात भिजवून पिळलेले पोते इनटेकवर ठेवा, वायरी आणि सेन्सर वाचवून.

डिझेल गोठते का? भारतीय मानकानुसार नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या डिझेलमुळे फिल्टर तुंबण्याची कमाल मर्यादा ६ अंश आहे, उन्हाळी डिझेलसाठी १८. या मर्यादा आहेत, प्रत्येक डिझेल तिथेच तुंबते असे नाही. पण ऑक्टोबरमध्ये ड्रममध्ये भरून ठेवलेले डिझेल जानेवारीच्या पहाटे वापरले तर त्यातले मेण फिल्टरवर बसू शकते. ते आधी उन्हात ठेवा किंवा ताज्या डिझेलमध्ये मिसळा. रॉकेल मिसळू नका. डिझेलच पंपाला आणि नोझलला वंगण देते आणि रॉकेलमुळे ते वंगण पातळ होते.

दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडायची असेल तर आधी व्होल्ट जुळवा. १२ ला १२, २४ ला २४. लाल केबल प्लसला प्लस. काळीचे एक टोक चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि दुसरे बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर, कारण बॅटरीतून निघणारा हायड्रोजन ठिणगीने पेटतो. चांगली गाडी पाच-दहा मिनिटे चालू ठेवा, मग सेल्फ मारा. पहाटे घरंगळत चालू करता यावा म्हणून ट्रॅक्टर उतारावर लावून ठेवण्याची गावची पद्धत साध्या यांत्रिक डिझेल पंपाच्या इंजिनाला चालते, चाकांना दगडाची उटी मात्र हवीच. एअर ब्रेकच्या ट्रकला ती उपयोगाची नाही. टाकीत हवेचा दाब नसेल तर स्प्रिंग ब्रेक चाके सोडतच नाहीत.

इंजिनाने घेतले की लगेच रेस देऊ नका. ऑइलचा दिवा १० सेकंदांत विझला नाही तर इंजिन बंद करा. दोन-तीन मिनिटे १००० फेऱ्यांच्या आसपास ठेवा, मग हलक्या ओझ्याने चालवा. ३०० अँपिअरने १० सेकंद सेल्फ मारला तर जेमतेम एक अँपिअर-तास खर्च होतो. पण आठ-दहा फसलेल्या प्रयत्नांनंतर तो परत भरायला अल्टरनेटरला तासभर तरी लागतो. गाडी गोठ्यापर्यंत नेऊन पाच मिनिटांत बंद केली, तर दुसऱ्या पहाटे बॅटरी आणखी उतरलेली मिळेल.