तान्ह्या बाळाची धोक्याची लक्षणं: सात खुणा आल्या कुठून?

आशाताईच्या पिशवीत थर्मामीटर, झोळीचा वजनकाटा आणि सेकंद दाखवणारं घड्याळ असतं. स्टेथोस्कोप नसतो. तरीही बाळाला तातडीनं दवाखान्यात न्यायचं की नाही, हे तिला ठरवता येतं.

याची सुरुवात १९८० च्या दशकात पापुआ न्यू गिनीत झाली. मिनिटाला ५० च्या वर श्वास आणि आत ओढली जाणारी छाती, एवढ्यावरून मुलांचा न्यूमोनिया ओळखता येतो, असं फ्रँक शान आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. पुढे वयानुसार मर्यादा ठरल्या: दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षापर्यंत ५०, पाच वर्षांपर्यंत ४०.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्यापुढे वेगळाच पेच होता. अनेक सुईणींना साठपर्यंत मोजता येत नव्हतं. म्हणून वाळूचं एका मिनिटाचं घड्याळ आणि मणी असं साधन बनलं. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. १९९९ साली त्यांचा घरोघरच्या नवजात-सेवेचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ३९ गावांत नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला होता.

२००८ मध्ये भारतासह सहा देशांतल्या अभ्यासातून दोन महिन्यांच्या आतल्या बाळांसाठी सात खुणा पक्क्या झाल्या: दूध ओढेनासं होणं, झटके, हलवल्याशिवाय हालचाल न करणं, ६० किंवा जास्त श्वास, छाती खोल आत जाणं, ताप ३७.५ अंश सेल्सिअस किंवा वर, आणि अंग ३५.५ च्या खाली थंड. यातली एक दिसली तरी पुरे, दुसरीची वाट पाहायची नाही. शेवटची खूण घरोघरी हमखास सुटते. तान्ह्या बाळाला जंतुसंसर्ग झाला की ताप येईलच असं नाही, उलट अंग गारही पडू शकतं. आणि घरचे म्हणतात, ‘ताप नाही ना, मग ठीक आहे.’

श्वास मोजतानाही गफलत होते. तान्ह्याचा श्वास मध्येच थांबतो, मग भरभर चालतो. त्यामुळे १५ सेकंद मोजून चारानं गुणलं की आकडा चुकतो. बाळ शांत असताना, दूध पीत नसताना, पोट उघडं करून पूर्ण मिनिट मोजायचं. ६० भरले तर पुन्हा एकदा.

काविळ या सातांत नाही, पण पहिल्या २४ तासांत दिसली किंवा तळहात-तळपाय पिवळे झाले तर तीही तातडीचीच. हिरवी उलटी, निळे ओठ यांचंही तसंच.

२०११ पासून देशभर आशांच्या भेटी ठरल्या: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, घरी बाळंतपण झालं तर पहिल्या दिवशीही. नाशिक जिल्ह्यात यांचं मोल सुरगाणा-पेठकडे जास्त. पेठहून नाशिकला येताना सावळघाट लागतो, म्हणजे संध्याकाळी दिसलेली खूण सकाळवर ढकलणं फार महागात पडतं. २०१७ च्या ऑगस्टमध्ये नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात ५५ अर्भकं दगावल्याची बातमी सप्टेंबरमध्ये आली, तेव्हा जागेच्या टंचाईइतकीच चर्चा बाळं उशिरा पोहोचण्याचीही झाली.

१०८ किंवा १०२ ला फोन केला की गाडी येईपर्यंत बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरावं, डोक्याला टोपडं घालावं. ओढत असेल तर अंगावर पाजावं. झटके येत असतील किंवा बाळ शुद्धीत नसेल, तर तोंडात काहीही घालू नये, घुटीसुद्धा नाही.