ज्युरीपर्यंत न पोचलेली साक्ष

गरोदरपणातल्या उलट्यांवर आपल्याकडे डॉक्टर डॉक्सिलामिन आणि ब-६ जीवनसत्त्वाची गोळी लिहून देतात. तेच मिश्रण अमेरिकेत ‘बेन्डेक्टिन’ नावाने विकलं जाई. या गोळीमुळे बाळं हातापायाचं व्यंग घेऊन जन्मली, असे दावे साचत गेले आणि १९८३ मध्ये मेरेल डाऊ कंपनीने ती बाजारातून काढून घेतली. (२०१३ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने हेच मिश्रण नव्या नावाने पुन्हा मंजूर केलं.) त्या दाव्यांतला ‘डॉबर्ट’ खटला ज्युरीपुढे गेलाच नाही, पण तज्ज्ञाची साक्ष कशी तपासायची हे तिथली फेडरल न्यायालयं आज त्याच्याच आधारे ठरवतात.

कंपनीच्या तज्ज्ञाने १,३०,००० हून अधिक रुग्णांवरचे ३० हून जास्त प्रकाशित अभ्यास चाळले होते. व्यंगाशी संबंध एकातही सापडला नव्हता. वादींच्या आठ तज्ज्ञांकडे प्राण्यांवरचे प्रयोग होते, रासायनिक रचनेतलं साम्य होतं आणि जुन्याच आकडेवारीची नव्याने केलेली, कुठेही न छापलेली मांडणी होती. खालच्या न्यायालयांनी १९२३ पासूनचा निकष लावला: पद्धत त्या क्षेत्रात सर्वमान्य हवी. त्यावर वादींची साक्ष बाद झाली. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, सर्वमान्यता ही एकमेव कसोटी नाही. दावा पडताळता येतो का, इतर शास्त्रज्ञांनी तो तपासलाय का, चुकीचं प्रमाण किती, हे न्यायाधीशाने स्वतः पाहायचं.

प्रत्यक्षात हे सगळं सुनावणीच्या आधी घडतं. मोबदला घेऊन साक्ष देणाऱ्या तज्ज्ञाचा लेखी अहवाल एरवी किमान ९० दिवस आधी समोरच्या पक्षाला द्यावा लागतो. त्यात मताचा आधार येतो, गेल्या चार वर्षांत कुठे साक्ष दिली ते येतं, आणि फीसुद्धा. मग विरोधी वकील त्याची शपथेवर जबानी घेतात. अहवालातली भोकं बहुधा इथेच उघडी पडतात. त्यानंतर साक्ष वगळण्याचा अर्ज. पद्धत विश्वासार्ह आहे हे दाखवायची जबाबदारी साक्षीदार आणणाऱ्याची. डिसेंबर २०२३ पासून नियमातच तसं स्पष्ट लिहिलंय. तज्ज्ञ गेला की बरेचदा दावाच कोसळतो.

डॉबर्ट खटला परत खाली आला तेव्हा, १९९५ मध्ये, अपील न्यायालयाने एक गणित मांडलं. दिवाणी दाव्यात ‘असं घडलं असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त’ एवढं सिद्ध करावं लागतं. समजा, गोळी न घेतलेल्या दहा हजार मातांमागे १० बाळांत व्यंग आढळतं आणि घेतलेल्यांत १५. त्या पंधरांतली दहा गोळीशिवायही तशीच जन्मली असती. म्हणजे एखाद्या बाळाचं व्यंग गोळीमुळे असण्याची शक्यता एक तृतीयांश. निम्म्याच्या वर जायचं तर जोखीम दुपटीहून जास्त वाढायला हवी. वादींचा एकही तज्ज्ञ तिथवर पोचला नाही आणि साक्ष पुन्हा बाद झाली.

बेन्डेक्टिनपुरता मला हा निकाल योग्य वाटतो. गणित मात्र निर्दय आहे. वरच्या काल्पनिक उदाहरणात पाच बाळांचं नुकसान गोळीनेच केलेलं असतं. ती पाच कोणती हे कळत नाही, म्हणून पंधराही जण हरतात. त्यामुळे तज्ज्ञाने इतर कारणं एकेक करून वगळली असतील, तर काही न्यायालयं दुपटीपेक्षा कमी जोखमीवर आधारलेली साक्षही ऐकून घेतात.