फडताळातले कर्नल : लष्करी कायद्यातले पोलिश चित्रपट

13 डिसेंबर 1981 रोजी पोलंडमध्ये लष्करी कायदा लागू झाला. चित्रपटगृहांना कुलपं लागली, दूरचित्रवाणीवरचे निवेदक गणवेश घालून बातम्या वाचू लागले. त्याआधीचे सोळा महिने, म्हणजे ग्दान्स्कच्या गोदीतल्या संपापासून, सेन्सॉरची पकड सैल होती. एरवी संहितेतच मेले असते असे कितीतरी चित्रपट तेव्हा उभे राहिले आणि ऐन लष्करी कायद्यात सापडले.

बनून तयार झालेल्या पण प्रदर्शन अडवलेल्या अशा चित्रपटांना पोलिश लोक ‘पुवकोव्निक’ म्हणतात. ‘पुवका’ म्हणजे फळी, फडताळ. कर्नललाही उच्चारात ‘पुवकोव्निक’ हाच शब्द, फक्त लिहिताना एक अक्षर वेगळं. देशावर जनरल राज्य करत असताना फळीवर कर्नल बसलेत म्हणण्यातली धार मराठीत आणता येत नाही. आपण सर्रास ‘डबाबंद’ लिहितो, आणि तिथेच घोटाळा होतो. आपल्याकडे चित्रपट डब्यात जातो तो बहुधा पैसे आटले किंवा वितरक मिळाला नाही म्हणून. तिथे पैसा सरकारचाच होता. तयार चित्रपट आधी ‘कोलाउदात्सिया’त दाखवायचा. ही मंजुरीची बैठक, आणि तिच्यात अधिकाऱ्यांबरोबर दिग्दर्शकाचे व्यवसायबंधूही बसत. ‘पशेस्वुखान्ये’ म्हणजे ‘चौकशी’ या चित्रपटाची बैठक एप्रिल 1982मध्ये झाली. दारू पाजून तुरुंगात नेलेल्या एका कॅबरे गायिकेची ही गोष्ट, स्टालिनच्या काळातली. तिचं प्रदर्शन अडवलं गेलं, पण व्हिडिओ कॅसेटवर ती घरोघरी पोचली. चित्रपटगृहात आली डिसेंबर 1989मध्ये, आणि 1990मध्ये कान महोत्सवात तिच्या नायिकेला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला.

फळीवर ठेवण्याची रीत जुनीच. 1967 साली बनलेल्या एका चित्रपटात स्टालिनचं चार डोळ्यांचं चित्र होतं. पोलंडमध्ये तो लागला 1985मध्ये.

खरा वाद आहे तो सालाचा. ‘पशिपादेक’ म्हणजे ‘योगायोग’ तयार झाला 1981मध्ये, प्रदर्शित झाला जानेवारी 1987मध्ये, तोही कात्री लागून. मग सूचीत कुठलं साल लिहायचं? वूजच्या स्टेशनवर वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडायला निघालेला एक तरुण वॉर्साची गाडी पकडायला धावतो. घरंगळलेलं नाणं उचलून कुणीतरी बिअर घेतलेली असते, त्याला तो धडकतो. गाडी मिळाली तर तो सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षात जातो. रेल्वेच्या रखवालदाराशी झटापट झाली तर विरोधकांत. गाडी चुकली तर दोन्हींपासून दूर राहून डॉक्टर होतो. 1981मध्ये हा प्रश्न प्रेक्षकाच्या स्वतःच्या घरातला होता. 1987मध्ये तोच चित्रपट रचनेचा एक सुंदर प्रयोग म्हणून पाहणं सोपं झालं होतं. प्रदर्शनाचं साल धरणाऱ्यांचं म्हणणं असं की प्रेक्षकांशिवाय चित्रपट नसतो. म्हणणं चुकीचं नाही, पण ते मानलं तर सेन्सॉरने चोरलेली सहा वर्षं आपणच कागदोपत्री मंजूर करतो. माझ्या यादीत तो 1981चाच आहे.

कापलेले भाग जोडून 2012मध्ये या चित्रपटाची नवी प्रत निघाली. त्यातल्या एका तुकड्याचं चित्र मात्र कुठेच सापडलं नाही. तिथे फक्त आवाज ऐकू येतो.