ताबा घेतला म्हणजे बिल्डर सुटला? नाही ओ

कोल्हापुरात कळंबा, उजळाईवाडी, आर.के.नगर कुठंबी नवा फ्लॅट घेतलेल्याला विचारा, हेच सांगतील की एकदा पझेशन लेटरवर सही केली की विषय संपला, नाहीतर म्हणतील वर्षभराचीच गॅरंटी असती. दोन्ही चुकीचं आहे. बिल्डरांच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणारा रेरा कायदा 2016, त्याचं कलम 14(3) बघा, ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांच्या आत बांधकामात, कामाच्या दर्जात किंवा सुविधांमध्ये दोष दिसला आणि तुम्ही कळवलं, तर बिल्डरनं 30 दिवसांत तो फुकट दुरुस्त करून द्यायचा, नाही केला तर भरपाई मागता येते. म्हणजे गळती, उखडलेल्या फरशा, लीक होणारं प्लंबिंग, फक्त पिलरच्या भेगा नव्हेत.

आता आपल्याकडं जुलैचा पाऊस लागला की भिंतीला ओल येती आणि लोकं काय करतात, बिल्डरला फोन करतात, तो "बघतो की" म्हणतो, झालं. फोनला काय पुरावा ओ? फोटो काढा, ईमेल किंवा रजिस्टर पोस्टानं कळवा, तारीख नोंद झाली पाहिजे. आणि तोपर्यंत स्वतः भिंती फोडू नका, मग तो तुमच्याच तोडफोडीवर ढकलतो. ऐकलंच नाही तर महारेराकडं, म्हणजे महाराष्ट्राच्या रेरा प्राधिकरणाकडं, ऑनलाईन तक्रार करता येते. स्वतःच्या प्लॉटवर कॉन्ट्रॅक्टरकडनं बंगला बांधला असेल तर मात्र रेरा नाही, तिथं ग्राहक आयोग, आणि तक्रार करायची मुदत 2 वर्षं.