हाल्पर्न, गाल्पेरिन आणि ५८७९६०

पूर्वज न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर उतरले आणि तिथल्या कारकुनाने त्यांचे आडनाव बदलून टाकले, अशी कहाणी कितीतरी ज्यू घरांत सांगितली जाते. ती खरी नाही. तिथले अधिकारी निघतानाच्या बंदरात तयार झालेल्या प्रवासी-यादीवरून नावे पडताळत. नावे बदलली ती लिपी आणि देश बदलताना, किंवा लोकांनी स्वतःच बदलली म्हणून.

त्यातली बरीच आडनावे मूळची गावांची, आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलींच्या पेणकर, रोहेकर, किहिमकर यांसारखी. हाल्पर्न आणि हाइलप्रिन ही जर्मनीत नेकार नदीवरच्या हाइलब्रॉन गावाच्या नावाची रूपे मानतात. रशियन लिपीत ‘ह’ला अक्षर नाही, तिथे ‘ग’ लिहितात. म्हणून तिकडे गाल्पेरिन झाले.

आता ही सगळी रूपे यादीत एकत्र शोधायची कशी? १९१८ साली अमेरिकेत पेटंट मिळालेल्या साउंडेक्स पद्धतीत स्वर गाळून जवळच्या व्यंजनांना एकच अंक देतात. पण पहिले अक्षर तसेच राहते, त्यामुळे हाल्पर्न आणि गाल्पेरिन कायमचे वेगळे पडतात. १९८५मध्ये गॅरी मोकोटॉफ आणि रँडी डाइच यांनी पहिल्या अक्षरालाही अंक दिला. सुरुवातीच्या ‘ह’ला ५, ‘ग’-‘क’लाही ५. ‘ल’ला ८. ‘प’, ‘ब’, ‘फ’, ‘व’ या साऱ्या ओठांच्या ध्वनींना ७. ‘र’ला ९, ‘म’-‘न’ला ६. उरलेल्या जागी शून्य, एकूण सहा अंक. आता मोजा: हाल्पर्न ५८७९६०, गाल्पेरिन ५८७९६०, हाइलब्रॉनसुद्धा ५८७९६०! सुरुवातीच्या स्वराला शून्य मिळते. आउअरबाख या आडनावातल्या सी-एचचा उच्चार ‘ख’ही होतो आणि ‘च’ही, म्हणून त्याला ०९७५०० आणि ०९७४०० असे दोन संकेतांक मिळतात. ही दुहेरी सोय मला सर्वांत सुंदर वाटते, कारण अनिश्चितता ती लपवत नाही.

संकेतांक जुळला म्हणजे नाते सिद्ध झाले असे मात्र नाही. थुंकी तपासून ‘अमुक टक्के अश्केनाझी’ (मध्य-पूर्व युरोपातले ज्यू) सांगणाऱ्या जाहिरातींनाही तुमचे गाव कळत नाही. शिवाय आज पोलंडमध्ये असलेल्या इनोव्रोत्सवाफ गावाचे नाव १९०४मध्ये प्रशिया या जर्मन राज्याने होहेनझाल्त्सा केले. या दोन नावांत एकही ध्वनी-संकेत जुळत नाही. तिथे १९१२ची मायर्सची जर्मन ग्रामसूची उघडावी लागते. तिच्यात गावाचा जिल्हा मिळतो, सिनॅगॉग (ज्यू प्रार्थनास्थळ) असल्यास तीही नोंद सापडते, आणि जन्म-मृत्यूची दफ्तरे कोणत्या कचेरीत शोधायची ते ठरवता येते.