वाचकाला उजेड, पुस्तकाला सावली

तैपेई शहराच्या उत्तरेला बेइतो नावाचं गरम पाण्याच्या झऱ्यांचं उपनगर आहे. तिथल्या बागेत २००६ साली एक सार्वजनिक ग्रंथालय उघडलं. जमिनीवर दोन मजले, खाली तळघर, बांधकाम बरंचसं लाकडाचं. तैवानमधलं पहिलं हरित ग्रंथालय म्हणून ते ओळखलं जातं. छपरावर १६ किलोवॉटची सौर यंत्रणा आहे, छपराच्या काही भागावर माती घालून हिरवळ वाढवली आहे, आणि पावसाचं पाणी साठवून ते फ्लशला आणि झाडांना वापरतात.

छपराचे फोटो सगळीकडे दिसतात. आपल्याकडच्या वाचनालयांनी उचलावी अशी गोष्ट मात्र खिडकीपाशी आहे. तिथली कपाटं जेमतेम ११० सेंटिमीटर उंच आहेत, कमरेच्या किंचित वर. त्यांच्यावरून उजेड आणि वारा थेट दालनात जातो. बाहेर रुंद सज्जे आणि उभ्या लाकडी पट्ट्या आहेत, त्यामुळे ऊन काचेवर पडण्याआधीच अडतं.

उजेड लक्समध्ये मोजतात. भर दुपारच्या उन्हात तो सुमारे १ लाख लक्स असतो. वाचायला ३०० ते ५०० लक्स पुरतात. म्हणजे ऊन आत घेण्याची गरजच नाही, नुसत्या आभाळाचा उजेड भरपूर होतो. खिडकीची वरची कड जमिनीपासून जितकी उंच, त्याच्या साधारण दोन ते अडीच पट आतपर्यंत हा उजेड कामाचा राहतो. कड २.४ मीटरवर असेल तर ५ ते ६ मीटर. पण खिडकीला समांतर सहा-साडेसहा फुटी लोखंडी कपाटांची रांग लावली की हे गणित पहिल्याच रांगेपाशी संपतं आणि दिवसाढवळ्या ट्यूब लावाव्या लागतात. उंच कपाटं टाळता येत नसतील तर ती खिडकीच्या भिंतीला काटकोनात लावा. उजेड दोन रांगांमधल्या वाटेत शिरतो, आणि पुस्तकांच्या कण्यांवर समोरून मारा होत नसल्याने ते कमी फिकटतात.

छज्जा किती काढायचा हे अक्षांशावर ठरतं. पुण्यात (१८.५ अंश उत्तर) मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी दुपारी सूर्य ७१.५ अंशांवर असतो. दक्षिणेच्या खिडकीवर ६० सेंटिमीटरचा छज्जा असेल तर खाली सुमारे १८० सेंटिमीटर सावली पडते, म्हणजे अख्खी खिडकी झाकली जाते. डिसेंबरात सूर्य ४८ अंशांवर उतरतो आणि तोच छज्जा फक्त ६७ सेंटिमीटर सावली देतो. म्हणून खिडकीच्या खालच्या भागाला उभ्या किंवा आडव्या पट्ट्या हव्यातच. पश्चिमेला तर छज्जा किती का रुंद असेना, संध्याकाळचं तिरपं ऊन त्याच्याखालून आत येतं. त्या बाजूला जिना किंवा सामानाची खोली ठेवावी. संडास ठेवायचे असतील तर त्यांच्या ओल्या भिंतीला पुस्तकांची खोली लागू देऊ नये.

इथवर वाचकाचं झालं. अंगावर वारा असेल तर ३० अंशातही माणूस निवांत वाचतो, आणि ३० वॉटच्या आसपास वीज खाणारा बीएलडीसी (ब्रशविना चालणाऱ्या डीसी मोटरचा) पंखा ते काम ७५ वॉटच्या जुन्या पंख्याइतकंच चोख करतो. पुस्तकाला या वाऱ्याने फारसा दिलासा मिळत नाही. सापेक्ष आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर दिवसेंदिवस राहिली की कागदावर, खळीवर, कापडी बांधणीवर बुरशी धरते, आणि कोकणात पावसाळ्याचे चार महिने बाहेरची हवाच त्याहून ओली असते. ‘हवा खेळती ठेवा’ हा सल्ला जुलैत रत्नागिरीला दिला तर खिडकीतून ओलच आत घेतली जाते.

यावर एसी बसवतात आणि दुखणं वाढतं. दिवसभर एसीत राहिलेली पुस्तकं २४ अंशांवर आलेली असतात. संध्याकाळी एसी बंद होतो, कोणीतरी खिडकी उघडतं. बाहेरची हवा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेची असेल तर तिचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं तो, २६ अंशांच्या आसपास असतो. गार पुठ्ठ्याला ती हवा लागली की फ्रिजमधून काढलेल्या तांब्याला सुटतो तसा घाम पुठ्ठ्याला सुटतो. तो डोळ्यांना दिसत नाही, कारण कागद लगेच पिऊन टाकतो. कपाटाची पाठ बाहेरच्या भिंतीला चिकटलेली असेल तर बुरशीची सुरुवात तिथूनच होते. म्हणून मध्ये निदान चार-सहा इंच फट हवी.

त्यापेक्षा इमारतीचे दोन भाग करावेत. वाचनकक्ष मोकळा, उजेडाचा, पंख्यांचा. दुर्मीळ आणि जुन्या पुस्तकांची खोली मात्र आतल्या बाजूला, अंधारी, घट्ट बंद होणारी, आणि तिच्यात छोटं आर्द्रताशोषक यंत्र. ४० चौरस मीटरच्या, ३ मीटर उंच खोलीत १२० घनमीटर हवा असते. ३० अंशांवर आर्द्रता ८० वरून ६० टक्क्यांवर आणायची तर या हवेतून जेमतेम पाऊण लिटर पाणी काढावं लागतं. पण फटींमधून तासाला एकदा सगळी हवा बदलत असेल तर दिवसाला १७-१८ लिटर काढत राहावं लागेल. पाच तासांतून एकदा बदलत असेल तर साडेतीन लिटर. यंत्राच्या क्षमतेपेक्षा दाराच्या खालची रबरी पट्टी अधिक महत्त्वाची ठरते ती अशी. सुरुवातीच्या काही आठवड्यांत पुस्तकांनी पोटात धरलेली ओलही बाहेर पडते, तेव्हा यंत्राची टाकी भराभर भरते. यंत्र बिघडलंय असं समजून ते बंद करू नये. खोलीत आर्द्रतामापक टांगून रोज सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत लिहावा.

ही खोली शक्यतो उंच जोत्यावर, तळमजल्यावर असावी. पुस्तकांच्या साठ्याला दर चौरस मीटरला ६०० किलो भार धरून जमीन डिझाइन करतात. तो भार वरच्या मजल्यावर नेला की स्लॅब, तुळया, खांब सगळ्यांतच पोलाद आणि सिमेंट वाढतं, म्हणजे प्रदूषणाची किंमत वीज जोडण्याआधीच मोजून झालेली असते. अपवाद पूररेषेतल्या गावांचा. तिथे जास्तीचं पोलाद लागलं तरी पुस्तकं वरच हवीत.

पाण्याचा हिशोब सोपा आहे. २०० चौरस मीटर गच्ची, ७०० मिलिमीटर पाऊस आणि गळती-बाष्पीभवन वगळून ०.८ चा गुणक धरला तर वर्षाला १ लाख १२ हजार लिटर पाणी मिळतं. मोसमातल्या पहिल्या सरीचं निदान मिलिमीटरभर, म्हणजे २०० लिटर पाणी, गच्चीवरच्या धुळीसकट बाहेर सोडून द्यावं. गच्चीवरचं पाणी खाली आणणाऱ्या नळ्या पुस्तकांच्या खोलीवरून किंवा तिच्या भिंतीतून कधीही नेऊ नयेत. हिरवं छप्पर करायचं असेल तर ते वाचनकक्षावर करावं आणि माती घालण्याआधी गच्चीवर ४८ तास पाणी तुंबवून खालून स्लॅबचा कोपरान्‌कोपरा हाताने चाचपून पाहावा. माती पडल्यावर गळतीची जागा शोधायची म्हणजे सगळं उकरावं लागतं, कारण पाणी शिरतं एका कोपऱ्यात आणि टपकतं दुसऱ्याच.