नागपूरचे ४२ अंश आणि मुंबईचे ३४

एप्रिल-मेमध्ये हवामान खात्याचा अंदाज साधारण असा येतो: विदर्भात उष्णतेची लाट, कोकणात उष्ण व दमट हवामान, मध्य महाराष्ट्र आणि मराठवाड्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस. यातल्या पहिल्या वाक्याचा मथळा होतो. दुसऱ्याकडे कुणी फारसं बघत नाही. लाटेचाच जरा सौम्य प्रकार असेल, अशी समजूत असते. नागपूरचा पाहुणा दादरला उतरला की "चौतीस म्हणजे काय तपन असते का!" म्हणतो आणि संध्याकाळपर्यंत दोनदा अंघोळ करतो.

हे एकाच गोष्टीचे कमी-जास्त प्रकार नाहीत. शरीराला होणारा त्रास वेगळा, उपायही वेगळे, काही बाबतीत तर अगदी उलटे.

खात्याच्या लेखी लाट म्हणजे निव्वळ तापमानाचा हिशेब. मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० अंश हवं, किनाऱ्यावर निदान ३७, आणि ते त्या ठिकाणच्या सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी तरी जास्त हवं. मैदानी भागात पारा ४५ ला टेकला तर सरासरी न बघताच लाट धरतात, ४७ ला तीव्र लाट. हवामानाच्या एका उपविभागात किमान दोन केंद्रांवर लागोपाठ दोन दिवस असं घडलं की दुसऱ्या दिवशी लाट जाहीर होते. म्हणूनच मे महिन्यात चंद्रपूर ४३ वर असूनही लाट नसते. तिथली सरासरीच त्याच्या आसपास आहे.

या हिशेबात आर्द्रता कुठेच नाही. मुंबईत मे महिन्यात ३५ अंश असतील आणि अंगाला कपडे चिकटत असतील, तरी लाटेच्या व्याख्येत ते बसत नाही. मुंबईला खरी लाट येते ती बहुधा मार्च-एप्रिलमध्ये. पूर्वेकडून जमिनीवरचा कोरडा वारा जोर धरतो, एरवी दुपारच्या आत सुरू होणारा समुद्राकडचा वारा रखडतो आणि पारा भराभर चढतो. सांताक्रूझला २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंशांची नोंद झाली होती. असे दिवस सोडले तर किनाऱ्यावरच्या उन्हाळ्याचं दुखणं पाऱ्यात नसून हवेतल्या बाष्पात असतं.

हे मोजायची जुनी, सोपी युक्ती आहे. तापमापीच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून त्यावर वारा घालायचा. फडक्यातलं पाणी उडतं, जाताना उष्णता घेऊन जातं आणि पारा उतरतो. तो जिथे थांबतो ते ओलं तापमान. नागपुरात ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर हा पारा २२ अंशांच्या आसपास थांबेल. मुंबईत ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर २९ च्या खाली जाणार नाही. घाम आलेलं अंग म्हणजे हे ओलं फडकंच. कातडीचं तापमान साधारण ३५ अंश असतं. नागपुरात घामाला अंग गार करायला भरपूर वाव आहे, मुंबईत जेमतेम.

कपडे बघितले तरी हे कळतं. विदर्भात दिवसभर उन्हात काम केलेल्या माणसाच्या सदऱ्यावर पाठीशी मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटलेल्या असतात. घाम दिसायच्या आधीच उडून गेलेला. लोकलमधून उतरणाऱ्याचा शर्ट पिळून काढावा असा. तो घाम गळतो, उडत नाही, म्हणजे पाणी आणि मीठ तर गेलं आणि गारवा मिळालाच नाही. "घाम येतोय ना, मग ऊन लागत नाही" हे आजीचं म्हणणं म्हणूनच किनाऱ्यावर धोक्याचं.

१६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. पारा चाळिशीच्या आत होता. उष्माघाताने १४ माणसं गेली. मोबाइलवर 'जाणवणारं तापमान' म्हणून जो आकडा येतो तो बहुधा सावलीतला असतो. तासन्‌तास डोक्यावर ऊन घेऊन बसलेल्यांना तोही लागू नाही.

उपायांचा उलटेपणा घरात दिसतो. वाळ्याच्या जाळीचा कूलर अकोल्यात खोलीचा स्वर्ग करतो, कारण तोही ओल्या तापमानाच्या दिशेनेच हवा उतरवतो आणि तिथे उतरायला वीस अंशांची जागा आहे. ठाण्यात तोच कूलर दोन-तीन अंश कमी करतो आणि बदल्यात खोलीत आणखी दमटपणा भरतो. पंख्याचं बरोबर उलट. दमट हवेत त्याच्यासारखा सोबती नाही. पण पारा चाळिशीच्या पुढे गेला की नुसता पंखा अंगावर गरम हवाच मारतो. जागतिक आरोग्य संघटनाही ४० अंशांच्या वर त्यावर भिस्त ठेवू नका म्हणते. विदर्भात तोंडाला दुपट्टा गुंडाळणं शहाणपणाचं, कारण झळ बाहेरून येते. कोकणात सैल आणि कमी कपडे बरे.

रात्रीचंही गणित वेगळं. कोरड्या भागात, निदान गावाबाहेर, पहाटे गच्चीवर चादर ओढावीशी वाटते. किनाऱ्यावर २७-२८ अंशांची चिकट रात्र शरीराला उसंत देत नाही. माझ्या मते दमट उन्हाळ्याचा खरा मार हाच.

आता अंदाजातलं तिसरं वाक्य. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे उपविभागातल्या फार तर पाव केंद्रांवर. 'काही ठिकाणी' म्हणजे पाव ते निम्म्या. तुमच्या गावाला वळीव झोडपेल आणि शेजारच्या गावात धूळ उडेल, तरी अंदाज बरोबरच ठरतो. विजांसाठी 'दामिनी' अ‍ॅप ठेवा. गंमत अशी की हाच वळीव दोन्ही उन्हाळ्यांची अदलाबदल करतो. सरी येऊन गेल्या की पारा उतरतो, पण तापलेल्या जमिनीतून वाफ उठते आणि दुसऱ्या दिवशी लातूर-बीडला रत्नागिरीसारखं उकडायला लागतं. तेव्हा कूलरचा पाण्याचा पंप बंद करायचा, नुसता पंखा चालू ठेवायचा आणि समोरासमोरच्या खिडक्या उघडायच्या. आर्द्रता पुन्हा तीस टक्क्यांच्या खाली आली की पंप परत सुरू.